ठळक जागी

शाळेतून निवृत्त झाल्यावर दोन वर्षे मी घरात बसून काढली. माझी बहीण म्हणायची, "तुला कुणाच्या तरी चुका काढल्याशिवाय अन्न पचत नाही." ते काही अगदीच खोटे नव्हते. त्यामुळे कपडे धुण्याच्या कारखान्यातून बायकांचा वर्ग घेण्याबद्दल निरोप आला, तेव्हा मी एका पायावर तयार झाले.

कारखाना मोठा होता. शहरभरच्या इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल गाड्या भरभरून तिथे येत आणि धुऊन, इस्त्री होऊन परत जात. कामाला बहुतेक बायकाच. त्यांतल्या पुष्कळजणी दोन-तीन इयत्तांनंतर शाळा सुटलेल्या. नवी यंत्रे आली, त्यांच्यावर सूचना लिहिलेल्या, आणि त्या कुणाला धड वाचता येईनात. म्हणून तिथल्या व्यवस्थापकांनी आठवड्यातून दोन दिवस वर्ग सुरू केला. त्यांना सगळे नुसते 'साहेब' म्हणत. पहिली पाळी दुपारी दोनला सुटायची. सव्वादोनला साबणाच्या पोत्यांच्या खोलीत बाके मांडली जायची. मी शिंकत शिकवायची आणि वर्गाला आलेल्या आठजणी शिंकत शिकायच्या.

त्यांत दोन सख्ख्या जावा होत्या. थोरली चाळिशीची, सावकाश चालणारी, बोलायचे म्हटले की जिवावर येणारी. एक वाक्य बोलायच्या आधी ती ते मनात दोनदा घडी घालून बघत असावी. धाकटी तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, आणि स्वभावाने पार उलटी. कारखान्यात तिला 'वादळ' म्हणत. इतरांच्या तीन चादरी होईपर्यंत हिच्या पाच व्हायच्या, आणि त्या पाच होताना तोंडाचा पट्टा चालूच. पण वर्गात सगळ्यांत आधी वाचायला लागली तीच. तीन महिन्यांत ती वर्तमानपत्र वाचू लागली, आणि सहाव्या महिन्यात माझ्या उच्चारांना नावे ठेवू लागली.

दोघी मोठ्या रोलरवर कामाला होत्या. रोलर म्हणजे कमरेच्या उंचीवर आडवे फिरणारे, तापलेले लोखंडी लाटणेच. दोघींनी ओल्या चादरीची दोन टोके धरायची, कड आत सरकवायची, की रोलर चादर ओढून घेतो आणि पलीकडून ती कडक इस्त्री होऊन बाहेर पडते. त्याच्या तोंडाशी एक आडवा दांडा असतो. कुणाचा हात चुकून पुढे गेला तर तो आधी दांड्याला लागतो, आणि यंत्र जागच्या जागी थांबते. हे सगळे मला पुढे कळले. तेव्हा मी फाटकातून साबणाच्या खोलीत जायची आणि साबणाच्या खोलीतून फाटकाकडे. मधल्या दाराने यंत्रांकडे एकदा जाऊन बघावे, असे मला आठ महिन्यांत कधी वाटले नाही.

एके दिवशी धाकटी वर्गात आली ती कारखान्याच्या सूचनाफलकावरचे परिपत्रक पाठ करूनच. "'सुरक्षेच्या सूचना प्रत्येक यंत्राजवळ ठळक जागी लावाव्यात.' बाई, ठळक म्हणजे?"

"उठून दिसणारं," मी म्हणाले. "जे शोधावं लागत नाही, आपणहून नजरेत भरतं ते."

"म्हणजे आमच्या सासूबाईंचं नाक."

वर्ग खदखदून हसला. थोरलीनेही तोंडावर हात धरला.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "सासूबाईंचं नाक ठळक आहे. वाक्य चोख आहे. फक्त घरी म्हणू नकोस."

मग मी फळ्यावर 'विशेषण' लिहिले, त्याखाली 'ठळक' लिहिले, आणि प्रत्येकीला घरून पाच वाक्ये करून आणायला सांगितली. "पुस्तकातली नकोत. रोज जे बघता त्यातली लिहा," असे सांगितल्याचे मला पक्के आठवते. पुढे ते आठवून सांगायची वेळ आली.

पुढच्या वर्गाला वह्या आल्या. एकीच्या नवऱ्याचे टक्कल ठळक होते, एकीच्या मुलीचे अक्षर. धाकटीने पाचच्या जागी नऊ वाक्ये लिहिली होती आणि नवव्यात मीच होते: 'बाईंची शिंक ठळक आहे.' शिंक ठळक नसते, मोठी असते, असे मी समासात लिहिले.

थोरलीची वाक्ये जशी होती तशी देते. 'नव्या चादरीवर डाग ठळक दिसतो. जुन्या चादरीवर डाग असतो पण ठळक दिसत नाही. माझ्या हातावर भाजल्याची खूण ठळक आहे. मोठ्या रोलरमागे पाटी होती तिथे भिंत ठळक पांढरी आहे. रोलरचा दांडा काढला आहे हे ठळक दिसतं पण कोणी बघत नाही.'

मी ती घरी, चहा घेता घेता तपासली. शेवटच्या वाक्यातल्या 'दिसतं'चे तांबड्या शाईने 'दिसते' केले, कारण लिहिताना प्रमाण रूपच लिहावे असा माझा चाळीस वर्षांचा आग्रह. खाली 'छान निरीक्षण' असे लिहिले, सही केली, तारीख घातली आणि पुढची वही घेतली.

त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी मी नेहमीप्रमाणे सव्वादोनला गेले, तर साबणाच्या खोलीत बाके मांडलेली नव्हती. यंत्रांचा आवाजही नव्हता. फाटकावरचा रखवालदार माझ्या मागोमाग आला.

"आज वर्ग नाही, बाई. वादळाचा हात गेला."

मला आधी समजलेच नाही. त्याने आपला उजवा हात पालथा करून दाखवला आणि पुन्हा खिशात घातला.

चादरीची कड दुमडली होती, ती सरळ करायला धाकटीने हात पुढे केला, आणि रोलरने चादरीबरोबर बोटेही ओढून घेतली. थोरली समोरच होती. तिने धावत जाऊन भिंतीवरचे मोठे बटण दाबले, पण तिथवर सात-आठ पावले होती. दोन बोटे काढावी लागली. उरलेली दोन राहिली, पण वाकत नाहीत.

मी इस्पितळात गेले तेव्हा थोरली बाहेरच्या बाकावर बसली होती. धाकटीच्या चपला तिच्या मांडीवर होत्या. मी शेजारी बसले. बराच वेळ बसले. ती एवढेच म्हणाली, "झोपलीये."

चार दिवसांनी साहेबांनी मला बोलावले. माणूस सभ्य होता. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. डोळे खोल गेले होते.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "हुशार मुलगी. तिला वाचता येतं ना आता?"

"अगदी अडखळत नाही."

"तेवढं जरा लिहून द्याल? हजेरीपटासकट. कागदपत्रांत लागेल."

मला वाटले, आता यंत्रावर काम होणार नाही म्हणून तिला कचेरीत बसवायचा विचार असेल. मी तिथल्या तिथे, माझ्या उत्तम अक्षरात लिहून दिले: 'सदर विद्यार्थिनीने एकसष्ट वर्गांना हजेरी लावली असून ती कोणताही छापील मजकूर अस्खलित वाचू व समजू शकते.' 'कोणताही' हा शब्द मी मागाहून घातला. कौतुकाने घातला.

रविवारी सकाळी थोरली माझ्या घरी आली. ती कधी आली नव्हती. दारातच उभी राहिली. बस म्हटले तेव्हा खुर्चीच्या अगदी कडेवर बसली.

"बाई, चौकशी लागलीये. सरकारी अधिकारी येणारेत."

"चांगलं झालं की."

"कारखान्यानं लिहून दिलंय, पाटी होती, दांडा होता. तिला वाचता येत होतं, तरी तिनं घाई केली. सगळे तिला वादळ म्हणायचे, तेही लिहिलंय." ती थांबली. "तुमचं पत्र जोडलंय त्याला."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

"पाटी नव्हती का?" मी विचारले.

तिने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. एखादे मूल पाढा विसरले की आपण पाहतो, तसे.

"आता आहे. ही एवढी लाल. दुसऱ्या दिवशी लावली. भिंतही रंगवली."

मग तिने पिशवीतून वही काढली, पान उघडले आणि माझ्यासमोर धरले. माझी तांबडी शाई, माझी सही, माझी तारीख. 'छान निरीक्षण'. मी ते पान पुन्हा वाचले. खरे सांगायचे तर तेव्हा पहिल्यांदाच वाचले.

"मला एवढंच विचारायचं होतं," थोरली म्हणाली, "यात चूक निघालीये. चुकीचं वाक्य तिथं चालतं का?"

मी उठून खिडकीपाशी गेले. मला तिच्यासमोर रडायचे नव्हते.

"चालतं," मी म्हणाले. "आणि ती चूक नव्हती."

मी आधी साहेबांकडे गेले. पाठीमागून काही करायचे नाही, ही माझी सवय. वहीचे पान दाखवले. त्यांनी ते वाचले, चष्मा काढला, टेबलावर ठेवला.

"दांडा सारखा अडकायचा, बाई. चादरी फाटायच्या. मिस्त्रीनं काढला, नवा मागवला होता. पाटी रंगवायला दिली होती. चार दिवसांचाच प्रश्न होता."

"किती दिवस झाले होते?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. "दोन महिने."

"मग तसं सांगून टाका ना."

"माझ्या वरही माणसं आहेत." मग ते म्हणाले, "तुमचा वर्ग मी किती भांडून सुरू केलाय, तुम्हाला माहीत नाही. तो चालू राहावा असं मला वाटतं."

ते धमकी देत नव्हते. तेच जास्त वाईट होते. मी वही पिशवीत घातली आणि निघाले.

चौकशी कारखान्यातच झाली, जेवणाच्या मोठ्या खोलीत. टेबले जोडून घेतली होती. अधिकारी पन्नाशीचे, सर्दीने बेजार, रुमाल हातातच. एका बाजूला साहेब, कारखान्याचे वकील आणि यंत्रे सांभाळणारा मिस्त्री. दुसऱ्या बाजूला थोरली आणि मी. धाकटीचा जबाब इस्पितळात घेतलेला होता. त्यात तिने सगळे खरे सांगितले होते, पण तिच्या सांगण्याला दुसऱ्या कुणाचा दुजोरा नव्हता. रोलरवर त्या दिवशी असलेल्या बाकीच्या बायकांनी 'आम्ही पाहिलं नाही' असे सांगितले होते. त्यांना मी दोष देत नाही. सगळ्यांच्याच घरी चुली होत्या.

अधिकाऱ्यांनी थोरलीची पाचही वाक्ये मोठ्याने वाचली. त्या खोलीत ती वाक्ये फार साधी वाटली.

वकील अधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, हा भाषेचा अभ्यास आहे. विशेषण वापरायचं म्हणून वाक्य जुळवलंय. मुलं लिहितात ना, 'आमच्या अंगणात मोर नाचतो', तसं. अंगणही नसतं आणि मोरही नसतो."

अधिकाऱ्यांनी थोरलीला विचारले, "तुम्ही जुळवलंत?"

"नाही."

"तिसरं वाक्य आहे, हातावर भाजल्याची खूण ठळक आहे. कुठल्या हातावर?"

तिने डावी बाही कोपरापर्यंत वर केली. मनगटापासून वर वीतभर कातडी गुळगुळीत आणि फिकट होती. आठ महिने ती माझ्यासमोर त्याच हाताने वहीचे पान धरून लिहीत होती.

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतले. मग माझ्याकडे वळले. "ही सही तुमची?"

"माझी."

"तारीख वही तपासली त्याच दिवशीची?"

"हो. हजेरीपटात त्याच्या आदल्या वर्गाचा धडाही लिहिलेला आहे. 'विशेषण, ठळक.' तो हजेरीपट कारखान्यानंच तुमच्याकडे दिलाय."

त्यांनी कागद उलटून पाहिले. सापडले. वकिलांनी साहेबांकडे पाहिले, साहेबांनी टेबलाकडे.

"तुम्ही यांना कल्पनेतली वाक्यं लिहायला सांगितली होती?"

"नाही. रोज बघता त्यातली लिहा, असं सांगितलं होतं."

"म्हणजे हे वाक्य तुम्ही अपघाताच्या आधी वाचलं होतं."

"हो."

"मग काय केलंत?"

मी उत्तर घरून ठरवून आले नव्हते. ठरवता आलेही नसते.

"'दिसतं'चं 'दिसते' केलं," मी म्हणाले.

त्यांची लेखणी क्षणभर थांबली. मग त्यांनी तेही लिहून घेतले. जसेच्या तसे. त्या पत्राबद्दल मला विचारले तेव्हा मी सांगितले, की पत्र खरे आहे, मुलीला वाचता येते. पण ते कशासाठी हवे आहे हे मला सांगितले गेले नाही, आणि मीही विचारले नाही.

"भिंतीवर पाटीच नसेल, तर तिनं काय वाचायचं?" थोरली मध्येच म्हणाली. तिला कुणी विचारले नव्हते. तिला बोलताना ऐकून मिस्त्रीने मान वर केली.

अधिकाऱ्यांनी मग त्यालाच विचारले, "दांडा कुठं होता?"

मिस्त्रीने साहेबांकडे पाहिले. साहेबांनी त्याच्याकडे पाहिले नाही. बहुधा तीच त्यांची परवानगी असावी.

"माझ्या कपाटात," मिस्त्री म्हणाला. "अपघात झाला त्या दुपारी परत बसवला. माझ्याच हातानं बसवला, मलाच लाज वाटत होती."

निकाल यायला सात आठवडे लागले. दांडा काढलेला होता, पाटी लावलेली नव्हती, कामगाराची चूक नव्हती, असे त्यात स्पष्ट लिहिले. धाकटीला भरपाई मिळाली आणि कपडे मोजून घेण्याचे हलके काम मिळाले. साहेबांची बदली झाली. त्यांच्या वरची माणसे होती तिथेच राहिली. थोरलीला रोलरवरून काढून ओल्या कपड्यांच्या गाड्या ढकलायला लावले. कारण कुणी सांगितले नाही, तिनेही विचारले नाही. वर्ग बंद झाला. नव्या व्यवस्थापकांना साबणाची खोली साबणासाठी हवी होती.

मी धाकटीला भेटायला तिच्या घरी गेले, तोवर तिच्या हातावरचे बांधलेले फडके निघाले होते. दोन खोल्यांचे घर. दोघी जावा स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. थोरली भाजी चिरत होती आणि धाकटी तिला सूचना देत होती. बोलणे पूर्वीसारखेच भरभर होते. फक्त उजवा हात ती मांडीखाली दडपून बसली होती.

"या बाई. तुमचं भाषण गाजलं म्हणे," ती म्हणाली.

"कसलं भाषण." मी बसले. जे बोलायला आले होते ते बोलून टाकावे, नाहीतर चहा येईल आणि राहून जाईल, असे वाटले. "मी ते वाक्य वाचलं होतं गं. मी विचारायला हवं होतं."

धाकटी गप्प झाली. तिला गप्प बसलेली मी प्रथमच पाहत होते.

"विचारलं असतं तर काय झालं असतं?" ती म्हणाली.

"साहेबांना जाऊन सांगितलं असतं."

"ते 'बघतो' म्हणाले असते. मलाही दिसत होतं, बाई. सगळ्यांनाच दिसत होतं. पहिले दोन दिवस मी जपून हात घातला. मग सवय झाली." ती थोरलीकडे वळली. "आणि ही. हिनं वहीत लिहिलं. बाईंना दाखवायला लिहिलं. माझ्यासमोर आठ तास उभी असायची, मला नाही बोलली."

थोरलीची सुरी थांबली. "बोलले असते तर तू हसली असतीस," ती हळू आवाजात म्हणाली.

"हसले असते. तरी बोलायचं."

"हो," थोरली म्हणाली. "बोलायला हवं होतं."

थोरलीने चिरलेली भाजी पातेल्यात ओतली. 'झालं गेलं' असे कुणी म्हणाले नाही. मला ते बरे वाटले.

थोड्या वेळाने धाकटी उठली आणि आतून वही-पेन्सिल घेऊन आली. कपडे मोजायचे तर आकडे लिहावे लागतात, आणि ते आता डाव्या हाताने. रोज एक पान गिरवते, म्हणाली. ती वाकून लिहायला लागली. आठाचा आकडा अर्ध्यावर आला की वही घसरायची, कारण ती दाबून धरायला उजवा हात अजून कामाचा नव्हता. दोनदा घसरली. तिसऱ्यांदा तिने वर पाहिले.

"जरा धरता का, बाई?"

मी पुढे सरकले आणि पानाच्या कोपऱ्यावर तळहात दाबून ठेवला. तिने आठ पुरा केला आणि नऊ लिहायला घेतला.